बाळंतपण कोणीं करावयाचें ?

मराठी भाषेंत एक मोठा चमत्कारिक वाक्प्रचार आहे. मूल ज्या स्त्रीला होतें तिनें ‘बाळंतपण केलें’ असें आपण कधींच म्हणत नाहीं. ती बाळंत होते. तिचें बाळंतपण तिची आई करते, सासू करते, मावशी करते, नाहीं तर थोरली जाऊ करते. “धाकटीचीं दोन्ही बाळंतपणें मींच केलीं,” असें एखादी वृद्ध गृहिणी अभिमानानें सांगते, तेव्हां तिच्या मनांत प्रसूतीच्या घटकेचा भाग अगदीं थोडा असतो. पहाटे उठून तापविलेलें पाणी, हाडापेरांत जिरविलेलें तेल, शेगडीवर टाकलेला ओवा, दोन प्रहरीं बाळाला आपल्या मांडीवर घेऊन त्याच्या आईला मिळवून दिलेली तासभर झोंप, आणि हें सर्व पांच-सहा आठवडे न चुकतां, हा त्या शब्दाचा खरा अर्थ होय. क्रियापदाचा कर्ता असा दुसरीकडे नेऊन ठेवण्यांत आमच्या पूर्वजांचा कांहीं विशेष हेतु होता, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु त्या एका क्रियापदांत जें शहाणपण सांठलेलें आहे, तें अलीकडच्या पुष्कळशा उपदेशांत आढळत नाहीं, एवढें मात्र खास.

अलीकडच्या उपदेशाचें सूत्र आहे, ‘स्वतःची काळजी स्वतः घ्या.’ मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या सूत्राभोंवतीं एक लहानसा व्यापार उभा राहिला आहे. बाळंतिणीसाठीं मालिशवाली बाई ठरवून देणाऱ्या संस्था आहेत. सुगंधी तेलें, पोटाचे पट्टे, तळपायांवर विशिष्ट ठिकाणीं दाब देणारे उपचार, श्वासोच्छ्वासाचे वर्ग, सर्व कांहीं मिळतें, आणि या साऱ्यांस मिळून ‘पर्यायी उपचार’ असें भारदस्त नांव दिलें जातें. आम्ही त्यांची थट्टा करूं इच्छीत नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, माहेर चारशें मैलांवर असतां, रात्रभर जागलेल्या मुलीला कोणीं तरी तासभर अंग चेपून दिलें, तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे ? आमची शंका निराळी आहे. ‘पर्यायी’ म्हणजे कशाला पर्यायी ? आणि जिच्या अंगांत उठून बसण्याचें त्राण नाहीं, तिनें स्वतःची काळजी स्वतः घ्यावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें ?

या शंकेचें उत्तर शहरांतल्या सजविलेल्या खोल्यांपेक्षां, जेथें असल्या उपचारांस कोणीं कांहीं नांवच ठेविलेलें नाहीं, अशा ठिकाणीं शोधणें बरें. आम्हांस तसें ठिकाण परिचयाचें आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. त्याच्या पश्चिमेस समुद्र, आगगाडी आणि कारखाने. पूर्वेस घाट चढून गेलें म्हणजे सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर जव्हार, आणि त्याच्या पलीकडे नाशिकच्या अंगाला मोखाडा. १९४८ पर्यंत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. त्यांचा जयविलास राजवाडा आजहि उभा आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथले मुख्य रहिवासी. नागली, वरई, उडीद आणि खुरासणी हीं उतारावरच्या शेतांतलीं पिकें. पाऊस येथें असा कोसळतो कीं समोरचा डोंगर दिसेनासा व्हावा. आणि उन्हाळ्यांत याच डोंगरांवरच्या बायका हंड्यावर हंडा चढवून कोरड्या पडत चाललेल्या विहिरींच्या तळाशीं उतरतात. मुंबईची तहान भागविणारें मध्य वैतरणेचें धरण याच मुलखांत आहे, हें येथें सांगून ठेविलेलें बरें. कारण बाळंतिणीच्या विसाव्याचा हिशेब शेवटीं हंड्यांपाशींच येऊन थांबतो.

येथल्या पाड्यावरच्या कुडाच्या घरांत बाळंतिणीची म्हणून निराळी खोली नसते. भिंतीशीं एक कोपरा असतो आणि कोपऱ्याजवळ विस्तव असतो. तेल बदामाचें नव्हे. घरच्या खुरासणीचें, किंवा मोहाच्या बियांचें. निरगुडीचा पाला टाकून उकळलेलें पाणी, पोटाभोंवतीं गुंडाळलेलें जुनें लुगडें, आणि वाडग्यांत नागलीची पेज, एवढाच काय तो सरंजाम. मात्र या सरंजामाच्या मध्यभागीं एक व्यक्ति असते, ती म्हणजे सुईण. ती बहुधा त्याच पाड्यावरची, नात्यांतली किंवा नात्यासारखी असते. अशा एका सुईणीचा हात चालतांना आम्हीं पाहिला आहे. ती कमरेपासून आरंभ करी, मांड्यांवरून पोटऱ्यांपर्यंत येई, पुन्हा वर जाई; फारसें बोलत नसे. ज्या मुलीला सकाळपासून बाळ, नवरा, सासू आणि कोंबड्या यांनीं क्षणाचीहि उसंत दिली नव्हती, ती डोळे मिटून स्वस्थ पडली होती, आणि तो अर्धा तास घरांतल्या कोणालाहि तिला हांक मारण्याचा धीर झाला नाहीं. सासूबाईंनींसुद्धां चुलीवरचें भांडें आपण होऊन उतरविलें.

तो प्रसंग पाहिल्यापासून आम्हांस असें वाटत आलें आहे कीं तेल हें निमित्त होय. ज्या घरांत सून पडून राहिली तर ‘आळशी’ ठरते, त्याच घरांत तिला तेल लावलें जात असतां ती पडून राहिली तर तो उपचार ठरतो. शेक, धुरी, पट्टा, पथ्य या सर्वांनीं मिळून तिच्याभोंवतीं एक रेषा आंखलेली असते, आणि ‘अजून बाहेर पडावयाचें नाहीं’ या शब्दांत ती रेषा बोलून दाखविली जाते. या रेषेनें स्त्रीला पुष्कळदां कोंडलेंहि आहे, विटाळाच्या नांवाखालीं तिला अस्पृश्य करून कोपऱ्यांत बसविलें आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि त्याच रेषेनें तिच्या डोक्यावरचा हंडा आणि हातांतली मोळी कांहीं दिवस अडवून धरली, हेंहि तितकेंच खरें.

किती दिवस ? याविषयीं जगांत जें एकमत दिसतें, तें विलक्षण आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकेच्या पोटाला तूप-तेल चोळून तें मोठ्या वस्त्रानें वेष्टावें असें सांगितलेलें आहे. वाग्भटानें तिचा पथ्यकाळ दीड महिन्याचा धरिला. आमच्या आज्या ‘सव्वा महिना’ म्हणत. चीनमध्यें बाळंतिणीनें ‘महिना बसावयाचें’ असतें. मेक्सिकोंत चाळीस दिवसांचा नेम आहे. मलायांत तर लांबच लांब पट्टीनें पोट बांधण्याची स्वतंत्र कलाच आहे. आणि आजचे डॉक्टरहि प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत् होण्यास सुमारें सहा आठवडे लागतात असेंच सांगतात. मोखाड्याच्या सुईणीनें मेक्सिकोची रीत उचलली नाहीं, कीं वाग्भटाची पोथी उघडली नाहीं. शरीरानेंच ठिकठिकाणच्या बायकांस एक हिशेब शिकविला, आणि तो थोड्याफार फरकानें सर्वत्र सारखाच आला.

पण म्हणून या उपचारांस वाटेल तें श्रेय द्यावें असें नाहीं. चोळण्यानें ‘हाडें जुळतात’, पोट बांधल्यानें ‘वायु बाहेर पडतो’, धुरीनें ‘गर्भाशय सुकतें’ या समजुतींस आधार नाहीं. गर्भाशय आपल्या गतीनें आपणच आंकुंचन पावतें. पट्टा त्याची वाट जवळची करीत नाहीं. हलक्या हातानें चोळल्यास थकलेले स्नायु सैल पडतात, वेदना कांहींशी कमी होते, झोंप येते, मन निवतें, एवढेंच श्रेय; आणि ज्या आईला सलग दोन तास झोंप मिळालेली नाहीं, तिला हें एवढेंच पुष्कळ आहे. उलट कांहीं गोष्टी स्पष्टपणें घातक आहेत. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवणें म्हणजे आई आणि बाळ या दोघांस विषारी वायूच्या स्वाधीन करणें होय. पोट करकचून बांधलें तर सारा भार खालच्या अवयवांवर येतो, आणि ते अवयव तर प्रसूतीनें आधींच ढिले झालेले असतात. शस्त्रक्रियेनें मूल झालें असेल तर जखम भरेपर्यंत पोटाला हात लावूं नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखूं लागली तर ती मुळींच चोळूं नये. बाळंतिणीच्या रक्तांत गांठ होण्याचा संभव अधिक असतो, आणि चोळण्यानें सुटलेली गांठ फुप्फुसांत जाऊन बसली तर प्राणावर बेतते. अतिरक्तस्राव, ताप, झटके यांपुढें तेलाची वाटी बाजूला सारून दवाखान्याची वाट धरावी, हें तर वेगळें सांगावयास नको.

हें सर्व आमच्या शहाण्या सुईणींपैकीं पुष्कळजणींस कळतें, आणि ज्यांस कळत नव्हतें त्यांस शिकवितांहि आलें असतें. परंतु घडलें तें असें. बाळंतपणांत मरणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी करावयाची तर प्रसूति दवाखान्यांत झाली पाहिजे, असें ठरलें. आणि तें योग्यच ठरलें. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना आली, ‘आशा’ सेविका आल्या, रस्ते झाले, रुग्णवाहिका धांवूं लागल्या. अडलेल्या स्त्रीला झोळींत घालून डोंगर उतरावा लागल्याच्या बातम्या अजून वाचावयास मिळतात, तरी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयानें किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयानें जे जीव वांचविले, ते सुईणीच्या हातून वांचले नसते, हें कबूल केलेंच पाहिजे. मात्र सुईणीच्या हातांना कामें दोन होतीं. एक, मूल बाहेर काढण्याचें, तें घटकाभराचें. दुसरें, आईला पुन्हा उभी करण्याचें, तें सहा आठवड्यांचें. पहिलें काम रुग्णालयानें तिच्याकडून काढून घेतलें. दुसरें कोणींच घेतलें नाहीं. पण पहिल्याबरोबर तिचा मान गेला, आणि मानाबरोबर दुसरें कामहि हळूहळू सुटूं लागलें. दवाखान्यांतून आई एक-दोन दिवसांत घरीं येते. पुढें आशा सेविकेनें बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठराविक दिवशीं घरीं येऊन पाहावें, असा नियम आहे. तो चांगला आहे. परंतु त्या योजनेचें नांवच ‘नवजात बाळाची गृहाधारित देखभाल’ असें आहे. बाळाचें वजन होतें, बाळाचा ताप पाहिला जातो. आईलाहि दोन प्रश्न विचारले जातात. तिला हात कोण लावतो?

जगाचें लक्ष बाळाकडे लागावें, हें स्वाभाविक आहे. फ्रान्समधले प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोये यांनीं कलकत्त्याकडे शांतला नांवाच्या एका आईला आपलें मूल मांडीवर घेऊन तेल लावतांना पाहिलें, आणि १९७६ मध्यें तिच्याच नांवानें एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या पुस्तकानें युरोपांतल्या कितीतरी आयांस तान्ह्या मुलाला चोळण्याची कला शिकविली. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२२ च्या आपल्या शिफारशींत निरोगी बाळाला हळुवार अंग चोळण्याचा विचार करण्यास हरकत नाहीं असें म्हटलें आहे. आमच्या घरोघरच्या रीतीचें हें कौतुक वाचून आम्हांस आनंदच होतो. पण आमच्याकडे तेलाची ती वाटी दोघांसाठीं असे. आधीं आई न्हाऊन निघे, मग बाळ. परदेशीं जातांना त्या वाटीचा अर्धाच भाग गेला, आणि तेथून परत येतांना नव्या नांवानें तेवढाच भाग आमच्या सुशिक्षित घरांत आला.

आईला विसरल्याचा परिणाम केवळ कंबरदुखीवर थांबत नाहीं. गोव्यांतील एका रुग्णालयांत प्रसूत झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शंभरांपैकीं सुमारें तेवीस स्त्रियांस खिन्नतेच्या आजारानें ग्रासलें होतें. आणि त्यामागें गरिबी, नवऱ्याची मारहाण, व मुलगी झाल्याबद्दलची नाराजी हीं कारणें ठळकपणें दिसून आलीं. तेलानें गरिबी जात नाहीं, कीं मारणारा हात थांबत नाहीं. पण रोज अर्धा तास जवळ बसणाऱ्या बाईला दंडावरचा वळ दिसतो. न बोलणारी मुलगी चोळतां चोळतां तिच्याजवळ रडते. रोगाची पहिली वार्ता ज्या हाताला लागते, तो हातच आपण घरांतून काढून टाकला, तर पुढची चौकशी कोण करणार ?

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. दिवाळीच्या सुमारास मोखाड्याकडे किंवा खोडाळ्याकडे गेल्यास वाटेवर गाड्या भरतांना दिसतात. भांडीं, गोधड्या, एखादी कोंबडी, म्हातारीं माणसें, आणि फडक्यांत गुंडाळलेलीं तान्हीं मुलें. भात झोडून झालें, हाताला काम नाहीं. तेव्हां भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा रेतीच्या कामावर जावयाचें, आणि होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परत यावयाचें, असा येथला कित्येक वर्षांचा शिरस्ता. मालकाकडून उचल आधींच घेतलेली असते. ती पावसाळ्यांत पोटांत गेलेली असते. भट्टीवर मजुराची मोजणी माणसांनीं होत नाहीं, ‘जोडी’नें होते. नवरा आणि बायको मिळून एक जोडी. हजार विटांमागें मजुरी. बायको पडून राहिली तर जोडी मोडते, आणि जोडी मोडली तर उचल फिटत नाहीं. मग पंधरा दिवसांची बाळंतीण चिखल कालवावयास उभी राहते. २०१७ च्या दुरुस्तीनें कायद्यानें नोकरदार स्त्रीस सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा दिली. ती आस्थापनेच्या हजेरीपटावर नांव असलेल्या स्त्रीस मिळते, जोडींतल्या निम्म्या भागास ती सहसा मिळत नाहीं.

पाड्यावरच्या एका वृद्ध सुईणीला आम्हीं विचारलें कीं, हल्लीं बाळंतिणीला किती दिवस तेल लावतां ? तिनें आमच्याकडे जरा आश्चर्यानेंच पाहिलें. तेल आहे, हात आहेत, निरगुडी तर बांधावर उगवते. पण पोर घरीं थांबेल तेव्हां ना, असें ती म्हणाली. आणि ज्या वर्षीं लेक थांबते त्या वर्षीं आपण स्वतःच भट्टीवर असतों, हेंहि तिनें सांगितलें.

एवढ्या दोन वाक्यांत या विषयाचें सारें अर्थशास्त्र आलें. या डोंगरांत तेलाचा तुटवडा नाहीं, कलेचाहि नाहीं. तुटवडा आहे तो दिवसांचा. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला होता. पुढेंहि मोखाड्याचें नांव याच कारणानें वारंवार वर्तमानपत्रांत येत राहिलें. मुलें मोजलीं गेलीं, आणि मोजलींच पाहिजेत. परंतु जें मूल आईच्या दुधावर जगावयाचें, त्याच्या आईला दूध येण्यापुरती पेज आणि दूध पाजण्यापुरता विसावा मिळाला होता कीं नाहीं, हा प्रश्न त्या मोजणीच्या पोटांतच दडलेला आहे.

त्याचें निम्में उत्तर शासनाला सुचलें, हें मान्य केलें पाहिजे. आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्यें सुरू झाली. गर्भार स्त्रीला आणि प्रसूतीनंतर कांहीं महिने स्तनदा आईला अंगणवाडींत एक वेळचें पुरतें जेवण, अशी ती योजना. या अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी-कोसबाडच्याच परिसरांत रुजविली, ही गोष्ट या जिल्ह्याला भूषणावह आहे. पण भट्टीवर गेलेल्या आईचें ताट पाड्यावरच राहतें. आणि ताटाबरोबर हातहि हवा, हें अजून कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. पाड्यावरच्या सुईणीला कोणत्या खुणा दिसतांच दवाखाना गांठावा हें शिकवून, बाळंतिणीमागें सहा आठवड्यांचें कांहीं मानधन दिलें, तर खर्च तो किती येणार ? त्या मानधनापायीं एखादी सुईण भट्टीवर न जातां पाड्यावर राहील. आणि आईलाहि उचलीच्या कचाट्यांतून सुटण्यापुरते पैसे त्याच सहा आठवड्यांसाठीं हातीं पडले, तर तेल कोणतें वापरावें, याची चिंता कोणीं करावयास नको. तें बायकांना ठाऊक आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं ही अडचण नाहीं. तेथें मालिशवाली बाई येते, तिला पैसेहि दिले जातात. त्यांनीं एवढेंच पाहावें कीं बाई आली म्हणजे आपली सुटका झाली, असें घरांतल्या इतरांस वाटूं नये. तेल चोळून ती निघून गेल्यावर उरलेले तेवीस तास बाळ कोणाच्या मांडीवर असतें, भांडें कोण उतरवितें, दारावरची घंटा वाजली तर कोण उठतें ? आणि हें सर्व बाळाच्या आईलाच करावें लागत असेल, तर त्या घरांत उपचार पुष्कळ झाले, पण बाळंतपण कोणीं केलें नाहीं. नवऱ्यानेंहि तें करावयास हरकत नाहीं. क्रियापदाच्या कर्त्याला व्याकरणानें लिंगाची अट घातलेली नाहीं. जव्हारच्या डोंगरांत जिच्यासाठीं कोणीं एक महिना थांबूं शकत नाहीं, आणि शहरांत जिच्यासाठीं कोणी थांबत नाहीं, त्या दोघींचें दुखणें एकच आहे. पहिलीचें औषध सरकारच्या आणि भट्टीमालकांच्या हातीं आहे. दुसरीचें, हा अंक ज्यांच्या हातीं आहे त्यांच्या.